तांडेल आणि त्याचे सोबती

सेवाभावी संस्थांत दरसाल एक दिवस सत्काराचा असतो. वर्षभर ज्यांनी पदरमोड करून, झोपमोड करून काम केले, त्यांतील एकदोघांची नावे पुकारली जातात. ते संकोचाने पुढे येतात, पदक स्वीकारतात आणि घाईघाईने आपल्या जागी परततात. हा संकोच केवळ विनयाचा नसतो. ज्या कामासाठी हा मान मिळाला ते आपण एकट्याने केलेले नाही, हे त्यांना इतर कुणाहीपेक्षा अधिक ठाऊक असते. टाळ्या वाजविणाऱ्यांतच त्यांचे सोबती बसलेले असतात. मग एकाला निवडावे ते कोणत्या न्यायाने? आणि कुणालाच निवडू नये म्हटले, तर केलेल्या कामाची आठवण राहावी कशी?

ब्रिटनच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या एका संस्थेपुढे हा पेच फार वर्षांपासून आहे. फुटलेल्या जहाजांवरील माणसांचे प्राण वाचविण्यासाठी सर विल्यम हिलरी यांच्या खटपटीने १८२४ साली ती स्थापन झाली. लोकांनी दिलेल्या देणग्यांवर ती चालते, आणि तिच्या जीवरक्षक नावांवर जाणारे बहुतेक लोक स्वयंसेवक असतात. असामान्य धैर्य दाखविणाऱ्यांना पदके देण्याची प्रथा तिने आरंभापासूनच पाळली आहे. त्या पदकांच्या इतिहासात हेन्री ब्लॉग याचे नाव ठळकपणे आढळते.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर क्रोमर नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १८७६ साली ब्लॉगचा जन्म झाला. खेकडे पकडून विकावेत आणि उन्हाळ्यात हवा खाण्यासाठी येणाऱ्या पाहुण्यांना वाळवंटात बसण्यासाठी खुर्च्या भाड्याने द्याव्यात, हा त्याचा चरितार्थ. अठराव्या वर्षी तो गावच्या जीवरक्षक नावेवर वल्हे मारू लागला आणि १९०९ साली तिचा प्रमुख झाला. आपल्या कोळीवाड्यांत ज्याला तांडेल म्हणतात, तोच हा मान. नाव समुद्रात गेली म्हणजे थोडासा भत्ता हाती पडे. पगार असा नव्हताच. नवल असे, की या दर्यावर्दी माणसाला पोहता येत नव्हते!

१९१७ सालचा जानेवारी महिना. महायुद्ध चालू असल्यामुळे गावातील तरुण रणांगणावर गेलेले. नावेवर उरले होते ते पन्नाशीच्या घरातले, काही तर त्याहूनही वृद्ध. तुफान वारा सुटला असता एक ग्रीक जहाज संकटात सापडले. नाव निघाली. गोठविणाऱ्या थंडीत तासन्‌तास वल्ही मारून या लोकांनी त्या जहाजावरील सोळाही माणसे किनाऱ्यावर आणली. आता घरी जाऊन चुलीपाशी अंग शेकावे, एवढीच त्यांची इच्छा असणार. पण त्याच वेळी फर्नेबो नावाचे स्वीडिश जहाज सुरुंगावर आदळून दुभंगले. ब्लॉगने सोबत्यांकडे पाहिले आणि ते पुन्हा निघाले. लाटांनी त्यांना मागे लोटले. काही वेळाने ते पुन्हा गेले. या खेपेला वल्हीच मोडली. दुसरी वल्ही घेऊन ही थकलेली माणसे पुन्हा एकदा अंधारात शिरली, तेव्हा कुठे फुटक्या जहाजाला नाव लागली आणि अकरा जण वाचले.

या कामगिरीबद्दल ब्लॉगला सुवर्णपदक मिळाले. पण संस्था तेवढ्यावर थांबली नाही. त्याच्या एका सहकाऱ्याला तिने रौप्यपदक दिले आणि नावेवरील इतरांना कांस्यपदके दिली. तांडेलाचे धैर्य कितीही थोर असले, तरी वल्ह्यांवर हात नसते तर त्याची नाव वाळूतच राहिली असती, हे तिने ओळखले होते. हा न्याय चांगलाच. तरी तो पुरा म्हणता येईल काय? ज्या माणसांनी पाण्यात शिरून ती जड नाव लाटांच्या तोंडी ढकलून दिली, ती ओल्या अंगाने काठावर उभीच राहिली. सगळ्यांच्या छातीवर लावता येईल इतके धातू कोणत्याही संस्थेपाशी नसतात.

पुढे १९२७ साली ब्लॉगला दुसरे सुवर्णपदक मिळाले. १९३२ साली एका इटालियन जहाजावरील माणसे सुखरूप उतरली आणि मागे राहिलेला एक कुत्राही त्याच्या हाती आला. त्याने तो घरी नेला व मोठ्या मायेने पाळला. पदके पेटीत गेली. कुत्रा मात्र त्याच्याबरोबर गावभर हिंडे! पुढे १९४१ च्या ऑगस्टमध्ये सहा जहाजे एकाच वेळी वाळूच्या उथळ पट्ट्यावर रुतली, तेव्हा त्याच्या नावेने अठ्ठ्याऐंशी माणसे वाचविली. हे त्याचे तिसरे सुवर्णपदक.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लिश ट्रेडर नावाचे जहाज असेच वाळूवर अडकले. नाव जवळ जाताच एक प्रचंड लाट आली आणि पासष्ट वर्षांच्या ब्लॉगसह पाच जण समुद्रात फेकले गेले. सोबत्यांनी पाचही जणांना मोठ्या शर्थीने वर ओढले. त्यांतील वॉल्टर ॲलन हा थोड्याच वेळात नावेवरच गतप्राण झाला. नाव परत फिरली आणि दुसऱ्या बंदराच्या आश्रयाला गेली. तेथे ती रात्र त्यांनी कशी काढली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पहाट होताच ते पुन्हा निघाले व त्या जहाजावर उरलेल्या चव्वेचाळीस जणांना घेऊन आले. या कामगिरीबद्दल ब्लॉगला चौथे रौप्यपदक मिळाले. ते हातात घेताना त्याला ॲलनची आठवण झाली नसेल, असे कोण म्हणेल? मुळातच तो मितभाषी होता, आणि आपल्या पराक्रमाविषयी बोलणे त्याला कधीच रुचले नाही.

त्रेपन्न वर्षांच्या सेवेत ३८७ वेळा नाव समुद्रात नेऊन व ८७३ माणसांचे प्राण वाचवून, १९४७ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ब्लॉगने सुकाणू सोडले. ते त्याच्या पुतण्याच्या हाती आले. गावाच्या नव्या जीवरक्षक नावेला संस्थेने हेन्री ब्लॉगचेच नाव दिले. १९५४ साली तो वारला. आज क्रोमरच्या कड्यावर त्याचा अर्धपुतळा समुद्राकडे तोंड करून उभा आहे. त्याच्या नावाची ती नाव मात्र पुढे कित्येक वर्षे वादळात जात राहिली, आणि तिच्या वल्ह्यांवर, दोरांवर, यंत्रापाशी दर वेळी गावातलीच माणसे होती.