देठाकडचा तुकडा

खानापूरकडून मी जोयड्याच्या रानातल्या एका वाडीवर मास्तर म्हणून आलो, तो जून महिना. तीन दिवस पावसाने खळ घेतली नव्हती. साकव पाण्याखाली गेला आणि माझ्या डब्यात मूठभर तांदूळ उरले. मी कुणाला काही बोललो नव्हतो. शेजारच्या कुणबी आजीला माझ्या छपरावर धूर दिसला नाही, तेवढ्यावरून तिने ओळखले.

तिने माळ्यावरून राखेत ठेवलेला कोनाचा कंद काढला. कोयत्याने देठाकडचा तुकडा कापला, कापल्या जागी राख चोळली आणि तो सुपात ठेवला. उरलेला जांभळा गर मीठ घालून उकडला, वर ओला नारळ खवला. “जेव रे मास्तर. लावायचं ते वेगळं काढलंय.” त्या घरात त्या आठवड्यात भात एकवेळच शिजत होता, हे मला महिन्याने कळले. मी पैसे पुढे केले, तर ती म्हणाली, “पैसे नको. लावणीला एक दिवस ये.”

मी गेलो. कोन, मुडली, करांदे कसे लावायचे, कुठला कंद किती दिवस टिकतो, भात संपल्यावर आधी कशाला हात लावायचा, हे मी तिच्याकडून शिकलो. शिक्षकाच्या प्रशिक्षणात यातले काहीच नव्हते.

पुढे वर्गात मी 1967 साली अमेरिकेत फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगल यांनी सुरू केलेल्या पहिल्या अन्नपेढीची गोष्ट सांगितली. वाया जाणारे अन्न जमा करायचे आणि गरजूंना द्यायचे. एका मुलीने विचारले, “गुरुजी, ते परत काय लावतात?” मला आजीचे सूप आठवले.

2001 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बऱ्याच राज्यांत शाळांमधून शिजवलेले जेवण सुरू झाले. आमच्याकडे कर्नाटकात त्या योजनेचे नाव अक्षर दासोह. दुपारचे ताट समोर येते, ही फार मोठी गोष्ट आहे. पण वर्गात भूक तक्त्यावरच्या आकड्यांनी शिकवावी, हे मला कधीच पटले नाही. मी मुलांना एकच काम दिले: घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, तांदूळ संपले तेव्हा काय खाल्लेत आणि ते कुणी दिले. वह्या भरून आल्या. फणसाच्या बिया, बांबूचे कोंब, रानातले कंद. आणि जवळजवळ प्रत्येक वहीत एखाद्या शेजारणीचे नाव.

हिवाळ्यात जोयड्याला कंदमेळा भरतो, तेव्हा मी मुलांना घेऊन जातो. शहरातली माणसे टोपलीतला कंद उचलून चव विचारतात. आमची मुले विचारतात, कधी लावला, किती टिकतो.

आजी आता नाही. शाळेमागे तिच्या कोनाचा वेल आहे. ज्याच्या घरी कमी असेल त्याने कंद खणून न्यायचा, देठाकडचा तुकडा तिथेच पुरायचा, एवढाच नियम. यंदा जूनच्या पहिल्या पावसात मुलांनी सोळा तुकडे लावले.