बर्फातली पँट आणि मशरूचं कापड

माझी भाची फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंगला जाणार आहे. केबल कारने वर जाऊन घसरत खाली यायचं, एवढंच नाही. स्कीच्या तळाला लवदार पट्ट्या चिकटवून आधी स्वतःच्या पायांनी डोंगर चढायचा आणि मग उतरायचं.

घरात चर्चा झाली ती पँटची. आपाला ती तंग नको होती. शेजारपाजारच्यांना मुलीनं पँट घालावी का, हाच प्रश्न होता. ती घालून मुलगी कोरडी राहील का, हे मात्र कुणी विचारलं नाही. म्हणून आम्ही मामा-भाची शहागंजात गेलो.

उबदार कपड्यांना बाजारात तोटा नाही. एका दुकानदारानं आतून फर आणि बाहेरून चकचकीत अशी पँट दाखवली. म्हणाला, "भाईजान, पाण्याचा थेंब आत जाणार नाही." खरं होतं. पण आतला घामही बाहेर जाणार नव्हता. चढताना अंग तापतं, आणि माथ्यावर थांबलं की तोच घाम गारठवतो. जीन्सचं तर नावच नको. सुती कापड भिजलं की वाळता वाळत नाही.

अशा चढाईसाठी 'सॉफ्टशेल' पँट असते. बाहेरून घट्ट विणीचं, ताणलं जाणारं नायलॉन. आतून बहुधा मऊ. वारा आणि भुरभुरता बर्फ अडतो, घामाची वाफ निघून जाते. ओल्या, जड बर्फात मात्र ती अखेर भिजते, म्हणून पिशवीत पूर्ण जलरोधक पँट हवीच.

दोन तोंडांचं कापड आपल्या औरंगाबादला नवं नाही. इथं हिमरूबरोबर मशरूही विणलं जाई. बाहेर रेशीम, अंगाला सूत. पुरुषांना शुद्ध रेशीम वर्ज्य, म्हणून ही युक्ती. मशरू म्हणजे शरियतला मान्य असलेलं. कापड कसं दिसतं आणि अंगाला काय लागतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्या विणकरांना ठाऊक होतं.

निवडताना आम्ही एवढं पाहिलं: उकिडवं बसून आणि गुडघा छातीपर्यंत उचलून पँट कुठे ओढते का, मांडीवर हवेसाठी चेन आहे का, बुटावर बसणारी आतली इलॅस्टिकची पट्टी आहे का, स्कीची धार लागते तिथे, घोट्याच्या आतल्या बाजूला, जाड कापड आहे का. स्नोबोर्डवाल्यांना बर्फात बसावं, टेकावं लागतं. त्यांनी बैठक आणि गुडघे आधी तपासावेत. आत थर्मल घालायचं, तेही सुती नको.

एवढं सगळं असलेली पँट शहागंजात मिळाली नाही, ऑनलाइन मागवली. कंबरेला सैल निघाली, ती गल्लीतल्या शिंप्यानं आत घेतली. पँट सैलसर आहे, हे पाहून आपा खूश. भाची खूश, कारण पाय पूर्ण उचलता येतो. शेजाऱ्यांना आम्ही विचारलेलं नाही.