श्येनाची भूक

आमच्या घरामागे आंबा, शेवगा आणि दोन जास्वंदी एवढीच बाग आहे. तिथे मातीच्या परळात रोज मूठभर ज्वारी टाकायचा आईचा नेम होता. टाकताना ती म्हणायची, "येईल त्याचं आहे." ती गेल्यावर तो नेम माझ्याकडे आला. चिमण्या येतात, होल्यांची जोडी येते. गेल्या हिवाळ्यापासून शिक्राही येऊ लागला.

तो दिसण्याआधी त्याची वर्दी पोचते. खारी शेपट्या झटकत चिरकू लागतात, सातभाई कलकलाट करतात आणि मग एकाएकी सारे चिडीचूप होते. शिक्रा जेमतेम कबुतराएवढा. नराचे डोळे लाल, मादीचे पिवळसर नारिंगी. मादी आकाराने नराहून मोठी. घार उंचावर घिरट्या घालताना सर्वांना दिसते; हा मात्र आंब्याच्या पानांत दडून बसतो आणि तिथूनच खाली झेपावतो.

जानेवारीतल्या एका सकाळी मादीने परळाजवळचा होला पकडला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. काही विचार न करता दार उघडून ओरडत धावले. भक्ष्य टाकून ती उडाली. होल्याची पाठ फाटली होती. खोक्यात जुन्या फडक्यावर त्याला ठेवले, पण तासाभरात त्याने मान टाकली. मी त्याला जास्वंदीखाली पुरले. हात धुताना ध्यानात आले, की होला वाचला नाहीच, शिवाय शिक्राही उपाशी गेला. माझ्या दयेचा दोघांपैकी कोणालाच उपयोग झाला नव्हता.

शिबी राजाची कथा मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. शरण आलेल्या कपोतासाठी राजा स्वतःचे मांस तराजूत घालतो. महाभारताच्या वनपर्वात उशीनर राजाच्या नावाने येणाऱ्या कथेत श्येनाचा युक्तिवाद विस्ताराने आहे. हे माझे विहित अन्न. ते तू हिरावलेस तर मी मरेन आणि माझ्यामागे माझी बायकापोरेही मरतील. एकाला राखून इतक्यांना मारणारा धर्म हा कसला धर्म? शिकवताना मी हा भाग भरभर उरकत असे. भर असायचा तो राजाच्या त्यागावर. एकदा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "मॅडम, ससाण्यानं शेवटी खाल्लं काय?" वर्ग हसला. श्येन म्हणजे वेषांतर केलेला इंद्र आणि कपोत म्हणजे अग्नी, तेव्हा तो प्रश्नच उरत नाही, असे मी सांगितले. उत्तर बरोबर होते. त्यामुळे विषय तिथेच संपला.

आता वाटते, त्या मुलाने कथेच्या नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले होते. कथेला शेवटी इंद्र लागतो, कारण श्येन श्येनच राहिला तर राजाचा त्याग पुरा पडत नाही. श्येनाला उद्या पुन्हा भूक लागणार, उद्या दुसरा कपोत शरण येणार. त्याग एकदाच करता येतो; भूक रोजची असते. देव प्रकट झाला की भूक खोटी ठरते आणि राजा सुटतो.

आमच्या बागेत वेषांतर आहे, पण ते शिक्र्याचे नाही. पावशा दिसायला आणि उडायला शिक्र्यासारखा असतो. शिक्रा आला असे वाटून लहान पक्षी बिथरतात आणि पावशाच्या मादीला सातभाईच्या घरट्यात अंडे घालायची संधी मिळते. शिक्रा मात्र शिक्राच आहे. त्याची भूक खरी आहे आणि होल्याचे भयही तितकेच खरे आहे. इथे कोणी प्रकट होऊन मला सोडवणार नाही. शिवाय होल्यांना रोज उघड्यावर, ठरल्या वेळी जमवणारी मीच आहे.

परळ आता जास्वंदीच्या दाट फांद्यांजवळ सरकवला आहे. होल्यांना आडोसा मिळतो. शिक्रा अजून येतो. बहुधा रिकामा परततो, क्वचित त्याला काही मिळते. तेव्हा मी खिडकीतच उभी राहते, दार उघडत नाही. हे योग्य करते आहे अशी खात्री नाही. "येईल त्याचं" यात आई शिक्र्यालाही धरत होती का, हे तिला विचारायचे राहून गेले.