टार बोलत नाही

भोसरी एमआयडीसीत गुरुवारची साप्ताहिक सुट्टी. त्या दिवशी प्रोग्रॅमला कुणी हात लावत नाही, म्हणून वर्कशॉपच्या सीएनसी प्रोग्रॅमचा बॅकअप मी तेव्हाच घेतो. टर्मिनल उघडायचं, टार लिहून डॅश सीझेडएफ, मग बॅकअपचं नाव, मग फोल्डरचं.

टार हे टेपच्या जमान्यातलं हत्यार, १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतलं. ते नुसतं बांधतं. दाबणं सोडा, उलट फुगवतं: प्रत्येक फाइलला ५१२ बाइटांची चिठ्ठी लावतं, वर मजकूरही ५१२च्या पटीत भरून काढतं. ड्रिलिंगचा ३०० बाइटांचा प्रोग्रॅम त्यात १०२४ बाइट खातो. दाबण्याचं काम जीझिपचं. ते आलं १९९२मध्ये. मागच्या ३२ किलोबाइटांत तोच मजकूर सापडला, तर तो पुन्हा न लिहिता 'इतकं मागे, इतकं लांब' एवढीच खूण ते ठेवतं. ओळीमागून ओळ जी-शून्य-एक, एक्स, वाय असलेले आमचे प्रोग्रॅम म्हणजे त्याला पर्वणी! तपासणीचे जेपेग फोटो मात्र आधीच दाबलेले असतात. ते मी यात घालतच नाही.

खरी कारागिरी क्रमात आहे. एकाच पार्टच्या दोन रिव्हिजन शेजारीशेजारी आल्या, तर दुसरी जवळजवळ फुकटात बसते. मध्ये भलत्याच फाइली घुसल्या की ३२ किलोबाइटांची नजर तिथवर पोचत नाही. म्हणून फाइलींची नावं पार्ट नंबरने सुरू करायची आणि टारला नावाप्रमाणे लावायला सांगायचं.

नव्या पोरांना मी एकच गोष्ट घोकायला लावतो: एफ शेवटी. त्याच्या पुढचा शब्द म्हणजे बॅकअपचं नाव. सीएफझेड लिहिलंत, तर 'झेड' नावाची फाइल तयार होते. नाव विसरून सगळ्या फाइलींसाठीची नुसती चांदणी (*) दिलीत, तर त्याहून वाईट. यादीतला पहिला प्रोग्रॅमच बॅकअपचं नाव ठरतो आणि त्याच्यावरच सगळं लिहिलं जातं. टार काही विचारत नाही.

जीझिपऐवजी एक्सझेड वापरलं तर ते जास्त दाबतं, कबूल. पण गाडीचं मॉडेल बंद झालं तरी स्पेअरची ऑर्डर येत राहते, आणि तेव्हा समोर कुठला जुना पीसी असेल सांगता येत नाही. जीझिप बहुतेक सगळीकडे उघडतं. मी तेच वापरतो.

बांधून झालं की सीच्या जागी डी घालून तीच कमांड पुन्हा चालवा. टार बॅकअप आणि मूळ फाइली ताडून बघतं, फरक असेल तरच सांगतं. तेवढं करा, मगच पेन ड्राइव्ह मालकांच्या हातात द्या.