रुंदीत जाणारा वाडा

२०१३ साली पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला आणि आमच्या पेठेत जो तो एकच विचारू लागला, ‘तुमचा जातोय का रुंदीत?’ नकाशातली रस्तारुंदीची रेघ कुणाच्या ओट्यावरून गेली होती, कुणाच्या माजघरातून. आम्ही काही शेजारी हरकतींचे अर्ज लिहून द्यायला बसलो.

पेठेतला वाडा रस्त्याला लागून उभा असतो आणि त्याचा सगळा थाट पुढच्या खणात. दिंडी दरवाजा, वरची महिरप, सज्जाचं सागवानी कोरीवकाम. रुंदीत दोन-तीन मीटर जातात, ती नेमकी हीच. बरं, रस्ता तरी कुठे एकदम रुंद होतो? पाडून बांधणारा मागे सरकतो, शेजारचा जागेवरच राहतो आणि मधल्या खाचेत दुचाक्या लागतात.

हे सगळं मी एका वाडामालक काकूंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, “ते ठीक. पावसाआधी कौलं शाकारायला कोण येणार, तू?” जुन्या भाडेकरूंच्या महिन्याच्या भाड्यात सुताराची एका दिवसाची मजुरी निघत नव्हती. वारसा-यादीत वाडा गेला की पाडायला परवानगी लागते. तुळईला वाळवी लागली तर खर्च मात्र मालकाचा. माझ्या मते जतनाचं घोडं अडतं ते इथे, सौंदर्यदृष्टीच्या अभावापाशी नव्हे. म्हणून काकूंच्या अर्जात आम्ही टीडीआरची मागणी घातली. न वापरलेला एफएसआय, म्हणजे बांधकामाचा हक्क, विकून दुरुस्तीला पैसा उभा करायचा. मुंबईच्या १९९५च्या वारसा नियमावलीत ही सोय होतीच.

हरकती ऐंशी हजारांच्या वर गेल्या होत्या. ऐकणारे सातजण : स्थायी समितीचे तीन सदस्य आणि चार तज्ज्ञ. काकूंनी भाषण केलंच नाही. भाड्याच्या पावत्या आणि सुताराचं बिल शेजारी शेजारी ठेवलं.

“म्हणजे पाडायचाय की ठेवायचाय?” एकाने विचारलं.

“परवडला तर ठेवायचाय.”

पुढे त्या सातांचंच एकमत झालं नाही. २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा स्वतःकडे घेतला आणि २०१७च्या जानेवारीत मंजूर केला. राज्याच्या २०२०च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत वारसा-वास्तूंसाठी टीडीआर आहे, पण त्यासाठी वास्तू आधी यादीत हवी. काकूंचा वाडा यादीत नाही. त्यांनी बिल्डरला ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून थोपवलंय आणि यादीसाठीचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतलाय. सोबत पावत्याही जोडायला लावल्या आहेत.