कधी कधी होतं

टेस्टरने बगच्या वर्णनात 'कधी कधी होतं' एवढंच लिहिलं असेल तर माझ्या पोटात गोळा येतो. दर वेळी येणारा बग स्वभावाने सरळ असतो. ब्रेकपॉइंट लावा, वाट बघा, येतोच बापडा. कधी कधी येणारा मात्र बेरकी. आपण बघायला लागलो की गायब, आणि आपण 'पुन्हा दिसला नाही' म्हणून तिकीट बंद केलं की शुक्रवारी संध्याकाळी हजर. गेले दोन महिने मी असाच एक बग शोधत होतो, फक्त तो कोडमधे नव्हता, गाडीत होता.

गाडी म्हणजे 1996 सालची माझदा मियाटा. दोन सीटची, मागच्या चाकांवर चालणारी, कापडी छपराची, आणि जिचे हेडलाइट बटण दाबल्यावर बॉनेटमधून डोळे उघडल्यासारखे वर येतात ती. ही गाडी पहिल्यांदा 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमधे लोकांनी पाहिली. कल्पना जुन्या ब्रिटिश रोडस्टर्सची, पण रोज सकाळी चालू होणारी. त्या ब्रिटिश गाड्यांच्या वायरिंगवर इतके विनोद आहेत की ते बनवणाऱ्या लुकासला लोक 'अंधाराचा राजपुत्र' म्हणायचे. तर आमची गाडी माझ्याहून वयाने मोठी, खरं म्हणजे तिला अहो-जाहोच करायला हवं. न्यू जर्सीत थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात आणि ह्या बाईंनी तसले बरेच हिवाळे काढलेत, हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

लक्षणं अशी होती. दिवसा गाडी एकदम झकास. रात्री, त्यातही पाऊस असला तर, अर्ध्या-पाऊण तासाने हेडलाइट पिवळट व्हायचे, वायपर दमल्यासारखे फिरायचे. एकदा पेट्रोल भरायला थांबल्यावर स्टार्टर नुसता कण्हला. बॅटरीचा लाल दिवा मात्र एकदाही लागला नाही. सकाळी बघावं तर सगळं ठीक.

हे सगळं 'जुन्या गाडीचे चोचले' म्हणून सोडून दिलं असतं, पण ही गाडी आठवड्यातून तीन दिवस बायको चालवते. तिचा संध्याकाळचा क्लास सुटतो साडेनऊला आणि मग दोनशे सत्त्याऐंशी नंबरच्या हायवेवरून पस्तीस मिनिटं. आजूबाजूने अठरा चाकी ट्रक, आणि त्यांच्यामधे ही गुडघ्याएवढी गाडी, दिवे मंदावलेले. एका मंगळवारी ती घरी आली, किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "अरे, आज शेवटची दहा मिनिटं मी पुढच्या ट्रकच्या दिव्यांवर आलेय. एक तर हिला नीट कर, नाहीतर विकून टाक." आवाज चढवला नव्हता. ते जास्त वाईट.

मेकॅनिकने बॅटरी तपासली, चांगली निघाली. आल्टरनेटर काढून टेस्ट बेंचवर फिरवला, तोही पास. मग म्हणाला, दोन्ही बदलून टाकू, सहाशे डॉलर होतील. आता गंमत बघा. नवा आल्टरनेटर बसवला असता तर गाडी दोन आठवडे बहुतेक छान चालली असती. कारण काम करताना चार वायरी हलतात, चार नट परत आवळले जातात, बॅटरी भरलेली मिळते. सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर बग 'जातो' तसंच. सहाशे डॉलर देऊन आपण फक्त पुरावा पुसून टाकतो.

म्हणून आधी लॉगिंग. ह्या गाडीच्या डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचा काटा आहे, पण व्होल्टमीटर नाही. आठ डॉलरचा एक डिजिटल व्होल्टमीटर आणून लायटरच्या सॉकेटमधे खुपसला. बायकोने घरी पोचल्यावर वहीत आकडे लिहायचे, असं ठरलं. बंद गाडीत भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना आल्टरनेटर ते 14 च्या आसपास नेतो, कारण बॅटरीत करंट ढकलायचा तर तिच्याहून वर असावं लागतं. दोन आठवड्यांच्या नोंदींवरून चित्र दिसायला लागलं. घरून निघताना 14.2. दिवे, ब्लोअर, वायपर सगळं चालू आणि इंजिन तापलेलं असलं की 12.4, कधी 12.1. म्हणजे चार्जिंग जवळपास नाहीच, गाडी बॅटरी खात चाललीय. पाऊस हे कारण नव्हतंच, पावसात सगळी बटणं चालू असतात एवढाच त्याचा गुन्हा.

एका ज्येष्ठ परिचितांनी सुचवलं, इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढ, बंद पडलं तर आल्टरनेटर गेला. हे कृपा करून कुणीही करू नका! डायनामोच्या काळात ते खपायचं. बॅटरी एकदम सुटली तर आल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर भलतंच उसळतं आणि इंजिनचा कॉम्प्युटर त्यात जळू शकतो.

शनिवारी गाडी अर्धा तास फिरवून तापवली, अंगणात उभी केली, सगळी बटणं चालू केली, बायको अॅक्सिलरेटरवर, इंजिन दोन हजार आरपीएमला. मी मल्टिमीटर घेऊन बॉनेटखाली. आल्टरनेटरच्या जाड टर्मिनलपासून त्याच्याच बॉडीपर्यंत: 14.4 व्होल्ट. उत्तम. मग मागे गेलो, कारण ह्या गाडीची बॅटरी डिकीत असते. बॅटरीच्या दोन टोकांमधे: 12.5.

मधले 1.9 व्होल्ट गेले कुठे?

इथे फर्स्ट इयरचा किर्चहॉफ कामाला आला (चार वर्षांत तेवढाच आला म्हणा ना). एका वळशातले सगळे व्होल्टेज ड्रॉप जुळलेच पाहिजेत. मीटरला लांब वायर जोडून आल्टरनेटरच्या प्लसपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत मोजलं: 0.2. ठीक. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनपर्यंत: 1.7. सापडला! त्यातही बॅटरी ते बॉडी फक्त 0.1, आणि बॉडी ते इंजिन 1.6. प्लसच्या वायरकडे सगळेच बघतात, परतीच्या रस्त्याकडे कुणी बघत नाही. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तुटलेलं. त्यांना जोडणारी अर्थची एक पट्टी असते आणि आल्टरनेटरचा सगळा करंट तिच्यातून परततो.

लहानपणी उन्हाळ्यात घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं काम माझ्याकडे होतं. ते कशासाठी हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ह्या शनिवारी बाबांना फोनवर हा किस्सा सांगितला तर त्यांचं उत्तर एका वाक्यात, "अर्थ सुकली की सगळं घर वेडं होतं."

आता लाल दिवा का लागला नाही? आल्टरनेटरमधला रेग्युलेटर बॅटरीकडून येणाऱ्या एका बारीक तारेवरून व्होल्टेज बघतो आणि त्याप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करतो. पण मोजतो तो स्वतःच्या बॉडीपासून, म्हणजे इंजिनपासून. त्यामुळे परतीच्या रस्त्यावरचे 1.7 व्होल्टही तो बॅटरीच्या खात्यात धरतो. त्याच्या लेखी बॅटरीला 14.2 मिळतायत, सगळं आलबेल. सर्व्हर स्वतःच्याच मशीनवरून स्वतःला पिंग करून हिरवा दिवा दाखवतो ना, अगदी तेच. आणि टेस्ट बेंचवर आल्टरनेटर पास का झाला तेही कळलं. बेंचची अर्थ बेंचचीच होती, बिघाड गाडीतच राहिला होता.

अजून एक. हीच पट्टी गाडी बंद असताना ओहममधे मोजली तर मीटर 0.2 दाखवतो, आणि मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी 0.2 च दाखवतो. चाळीसेक अँपिअरला 1.6 व्होल्ट पडायला रोध लागतो फक्त 0.04 ओहम, तो ह्या मीटरला दिसणार कुठून? तारेतली एक पाती शिल्लक असली तरी ओहममीटर खूश, कारण तो चिमूटभर करंट सोडून बघतो. मात्र चाळीस अँपिअर जाताना त्या सांध्यावर चौसष्ट वॉट उष्णता होते, एका सोल्डरिंग आयर्नएवढी. सांधा तापतो, तापला की अजून बिघडतो, थंड झाला की पुन्हा शहाणा. सकाळी सगळं ठीक असायचं ते ह्यामुळे. म्हणून असली तपासणी भार टाकून आणि बिघाड जागा असतानाच करायची. अर्थच्या बाजूला 0.2 व्होल्टच्या वर ड्रॉप दिसला की संशय घ्यायचा.

खात्री करायला एक जंपर केबल घेतली, एक टोक इंजिनला, दुसरं बॉडीच्या उघड्या धातूला. "अगं, मीटर बघ!" आतून आवाज आला, "तेरा नऊ... चौदा एक!" आणि माझ्या डोळ्यांदेखत हेडलाइट पांढरे झाले.

पट्टी काढली तर लगच्या आत तांबं पार कळंकलेलं, हिरवी भुकटी झालेली. वरच्या प्लास्टिकमुळे बाहेरून काही दिसायची सोय नव्हती. मोजून पाच-सहा तारा धड होत्या, आणि ॲक्सिलरेटर दिला की इंजिन थोडं कलंडतं, तेव्हा त्याही ताणल्या जात असणार. इतक्या हिवाळ्यांचं मीठ, दुसरं काय. नवी पट्टी अकरा डॉलर. बॉडीवरचा रंग खरवडून धातू चकचकीत केला, नट आवळला, वरून ग्रीस फासलं. आता तोच ड्रॉप 0.05.

व्होल्टमीटर अजून सॉकेटमधेच आहे, बायको काढू देत नाही. काल रात्री क्लासवरून आल्यावर वहीत लिहिलं होतं: पाऊस, सगळं चालू, 14.1. खाली एक नवीन तक्रार: डावा हेडलाइट उजव्यापेक्षा उशिरा उघडतो. कधी कधी.