वही माझ्याकडे होती

गडचिरोली जिल्ह्यात ग्रामकोषाचा, म्हणजे गावाच्या सामाईक निधीचा, विषय निघाला की पहिलं नाव येतं मेंढा (लेखा) या गावाचं. धानोरा तालुक्यातल्या या गोंड गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. ग्रामसभेमार्फत मिळालेल्या मजुरीतला दहावा हिस्सा कोषात टाकायची रीत या गावात त्याच्याही आधीपासून होती. विनोबांच्या ग्रामदानात शेतकऱ्याने मणामागे एक शेर, म्हणजे पिकाचा चाळिसावा भाग, गावासाठी काढायचा असे. ग्रामकोषाच्या कल्पनेला तेवढा जुना आधार आहे.

त्या काळात माझ्यासारखे बरेच कार्यकर्ते मेंढ्याला जाऊन आले. गावाचे नेते देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत काम करणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांना ऐकून मी भारावून परतलो. पावत्यांची पद्धत, ठरावाचा मसुदा, खात्याचे नियम सगळं उतरवून आणलं होतं. पण त्या गावात वर्षानुवर्षं चालत आलेली अभ्यास मंडळं आणि सर्वांचं एकमत होईपर्यंत निर्णय न घेण्याचा त्यांचा धीर, यातलं काहीही माझ्या टिपणात नव्हतं. तो कोषाचा भाग आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही.

याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका गावात मी काम करत होतो. तेंदूपानांचा लिलाव ग्रामसभेने स्वतः करायचं ठरवलं आणि कोषात पहिल्यांदा मोठी रक्कम येण्याची वेळ आली. हिशेब चोख हवा म्हणून कापडी बांधणीची जाड वही आणली आणि लिहायला मीच बसलो. गावात दहावी-बारावी झालेली पोरं होती. त्यांना शिकवायला वेळ लागेल, हंगाम तर डोक्यावर आलेला, असं मी स्वतःला सांगितलं. हंगाम संपला, पण वही माझ्याकडेच राहिली.

तेंदूच्या एका पुड्यात सत्तर पानं असतात आणि मजुरी शेकडा पुड्यांच्या दराने मिळते. मे महिन्यात बाया पहाटे अंधारात जंगलात जातात, दुपारभर घरी बसून पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, आणून मोजून देतात. आपले पुडे किती झाले हे प्रत्येकीला तोंडपाठ असतं. मी मात्र वहीत कुटुंबप्रमुखाच्या नावाने एकच ओळ धरली होती. सासूचे, सुनेचे, लेकीचे पुडे त्या एका ओळीत जमा झाले आणि कोषासाठी केलेली कपातही त्या पुरुषाच्याच नावावर पडली. ग्रामसभेत मी हिशेब वाचून दाखवला तेव्हा एका बाईने विचारलं, ‘यात माहं नाव कुठं हाये?’ मी तिच्या नवऱ्याच्या नावावर बोट ठेवलं. ती काही न बोलता खाली बसली. माझा ताळा पैशापर्यंत जुळत होता, तेव्हा तिचं समाधान झालं असेल असं धरून मी पान उलटलं.

पुढच्या हंगामात निम्म्या घरांनी कपात द्यायला नकार दिला. एका म्हाताऱ्या गावकऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘भाऊ, वही तुमच्यापाशी हाये, तं पैसा आमचा कसा?’

दुसरी चूक याहून जड आहे. माझ्या येण्याआधी गावात एक लोखंडी पेटी होती. सणाची वर्गणी, दंडाची रक्कम, भांडी भाड्याने दिल्याचे पैसे त्यात पडायचे आणि अडल्यानडलेल्याला त्यातूनच मिळायचे. कागदावर काही नसे. मला ते धोक्याचं वाटलं. मी आग्रह धरून पेटी रिकामी करवली, सगळी रक्कम बँकेत भरली आणि नियम घातला की हातात रोकड ठेवायची नाही, पैसे काढायचे तर ठराव हवा आणि दोघांच्या सह्या हव्यात. सही करणारे दोघेही पुरुष होते. तेही मीच सुचवले होते.

ऐन पावसाळ्यात एका घरातली बाळंतीण अडली. गाडी मिळाली, पण गाडीवाल्याला आणि दवाखान्यात लागणारे पैसे घरात नव्हते. सही करणाऱ्यांपैकी एक परगावी गेलेला, बँक तालुक्याच्या गावी, आणि ती रात्रीची वेळ. त्या माणसाने बैलजोडी व्यापाऱ्याकडे पडत्या भावात टाकली. आई आणि बाळ दोघंही वाचली. त्या हंगामात त्याची रोवणी मागे पडली, आणि खात्यावर तेव्हा गावाचे लाखाच्या वर रुपये होते. नियम माझा होता. लोकांनी तो मानला, कारण कायदा मला कळतो असा त्यांचा विश्वास होता.

समाजभवनाचा ठरावही मी एकाच बैठकीत हात वर करवून मंजूर करून घेतला. विरोधातले थोडे होते. ते सगळे एकाच टोल्यावरचे, म्हणजे गावाच्या एकाच वस्तीवरचे, होते हे मी पाहिलं नाही. भवन गावठाणात उभं राहिलं आणि तो टोला ग्रामसभेला यायचाच थांबला.

अनुसूचित क्षेत्रासाठीच्या पेसा कायद्याच्या २०१४ च्या राज्य नियमांनी ग्रामसभा कोषाला कायद्याचं बळ दिलं. ते हवंच होतं, आणि रक्कम वाढली की लेखापरीक्षण हवं, हे मी आजही ठासून सांगेन. पण दप्तर नीट ठेवणं आणि दप्तर ताब्यात ठेवणं यातला फरक मी पाळला नव्हता.

आता वही गावातल्या दोन मुली लिहितात. प्रत्येक तोडणाऱ्या बाईचं नाव वेगळ्या ओळीवर असतं आणि आकडे फळीवरच मोठ्याने वाचले जातात. बेरजेत चूक झाली तर बायाच पकडतात. मी पेन हातात घेत नाही. पेटी परत आली आहे. तिला दोन कुलपं आहेत, किल्ल्या दोन वेगवेगळ्या घरी बायांकडे असतात, आणि आजारपणाला किती द्यायचं ते आधीच ठरलेलं आहे. आधी पैसे द्यायचे, ठराव मागून. त्या टोल्याने मात्र स्वतःचा वेगळा कोष काढला आहे. गाव आणि टोला मिळून बांबू विकतील का, यावर दोन्हीकडे बोलणी चालू आहेत, आणि त्या बैठकांना मला बोलवायचं नाही असं त्यांनी ठरवलं आहे. बैलजोडी विकलेलं ते घर अजून कपात देत नाही. ग्रामसभेने त्याला कधी विचारलेलं नाही, आणि पेटीतून त्याला नाही म्हणायचं नाही, एवढं मात्र सर्वांच्या संमतीने ठरलं आहे.